तोफांचा ठाव आणि मुलांपुढील तरंग

१/ शाळेत तरंगांचा धडा बहुधा व्याख्यांनी सुरू होतो : वारंवारता, तरंगलांबी, वेग. १९१९ च्या नाताळात लंडनमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग यांनी हाच विषय मुलांपुढे मांडला. पहिले महायुद्ध थांबून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्या व्याख्यानांमागचा हा इतिहास.

२/ रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळ व्याख्यानमाला १८२५ पासूनची. खुद्द मायकल फॅरडे यांनी ती १९ वेळा गुंफली. श्रोते मुले असत आणि प्रत्येक तत्त्व प्रयोगाने दाखवले जाई.

३/ ब्रॅग यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक थोरला मुलगा लॉरेन्स याच्यासमवेत मिळाले. लॉरेन्स अवघा २५ वर्षांचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोफखान्यात असलेला धाकटा मुलगा रॉबर्ट गॅलिपोलीच्या मोहिमेत मृत्यू पावला होता.

४/ लॉरेन्स त्या काळात पश्चिम आघाडीवर शत्रूच्या दडलेल्या तोफा आवाजावरून शोधत होता. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ठरावीक अंतरांवर ठेवलेल्या मायक्रोफोनांपर्यंत एकाच तोफेचा आवाज वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. त्या क्षणांमधील फरकांवरून तोफेची जागा काढता येते.

५/ अडचण वारंवारतेची होती. ध्वनीहून वेगवान तोफगोळ्याचा कडकडाट साधे मायक्रोफोन सहज टिपत. तोफेचा स्वतःचा खोल, मंद वारंवारतेचा हुंकार मात्र निसटे. १९१६ मध्ये विल्यम टकर यांनी छिद्रापाशी तापवलेली बारीक तार बसवली. त्या हुंकाराने छिद्रातून हवा सरकली की तार थंड होई, तिचा विद्युतरोध बदले आणि नोंद होई.

६/ इकडे वडील समुद्रात पाणबुड्यांचा माग घेत होते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे आवाज दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच वेळी येतो आणि दिशा उमगत नाही. दिशा सांगू शकणारा हायड्रोफोन तयार करण्याचे काम ब्रॅग यांच्या चमूने केले.

७/ हा माणूस १९१९ मध्ये मुलांसमोर उभा राहिला. व्याख्याने सहा : ध्वनी म्हणजे काय, संगीतातील ध्वनी, शहरातील ध्वनी, खेड्यातील ध्वनी, समुद्रातील ध्वनी आणि शेवटी युद्धातील ध्वनी. १९२० मध्ये ती ‘द वर्ल्ड ऑफ साउंड’ या नावाने ग्रंथरूपात आली.

८/ हा क्रम पाहण्याजोगा आहे. युद्धाची गोष्ट आधी सांगितली असती तर मुले खिळून बसली असती; पण तोफ कशी सापडते हे त्यांना कळले नसते. कंपन, माध्यम आणि वेग यांची ओळख झाल्यावरच ती गोष्ट आली. समोरचा बारा वर्षांचा मुलगा युद्ध पेटले तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच्यापासून युद्ध लपवण्यात अर्थ नव्हता. ते समजण्याजोगे करणे शक्य होते.

९/ आपल्या पाठ्यपुस्तकांत तरंगांचे गुणधर्म येतात, पण ते कुणाला, कशासाठी जाणून घ्यावे लागले हे क्वचितच येते. सतारीच्या तारेचा स्वर आणि तोफेचा हुंकार यांना वारंवारतेची व्याख्या एकच लागू होते. तिचा उपयोग मात्र माणसे ठरवतात. विज्ञानाच्या तासाला इतिहासासाठी पाच मिनिटे मागायची झाली, तर ती याच कारणासाठी मागावीत.