डेमलो संख्या आणि अंकविनोदाची मर्यादा

नऊ एकांनी लिहिलेल्या १११११११११ ह्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा होय. एकापासून नवापर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणाऱ्या ह्या सतरा अंकी संख्येची गणना देवळालीचे शालेय शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ‘अद्भुत डेमलो संख्यां’त केली. डेमलो हे कोणा गणितज्ञाचे नाव नव्हे. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकाचे ते नाव. पवईनजीकच्या कांजूरमार्गावरून जाणारा लोहमार्ग तोच.

कापरेकरांचा आरंभ साध्या निरीक्षणांचा दिसतो. १५ ला ११, १११, ११११ यांनी क्रमाने गुणिले असता १६५, १६६५, १६६६५ हे गुणाकार येतात; टोकांच्या अंकांची बेरीज मधल्या अंकाएवढी असते. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात ह्या संख्यांची उपपत्ती प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी केंब्रिजच्या हार्डी यांनी आपल्या आत्मपर ग्रंथात अशा अंकविनोदाचा निकाल लावला. ८७१२ आणि ९८०१ ह्या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, हे त्यांनी दिलेले उदाहरण. त्यांच्या मते त्यात गणितज्ञाला आकर्षक असे काही नाही.

हा निकष डेमलो संख्येला लावला तर काय होते? संख्येचे मूळ अवयव तिच्या लेखनपद्धतीवर अवलंबून नसतात. प्रस्तुत संख्येचे अवयव ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग हे आहेत. उलट अंकांचा चढउतार हा वरवर पाहता केवळ दशमान लेखनाचा योगायोग. पण तसे नाही. १ + क्ष + क्ष² + … + क्ष⁸ ह्या बहुपदीचा वर्ग केला की सहगुणक १, २, ३ असे ९ पर्यंत चढतात व तसेच उतरतात. क्ष = १० मानल्यास हातचा कोठेच येत नाही, एवढेच. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. जिना बहुपदीचा आहे. दहा हा आकडा फक्त तो कोठे मोडतो हे ठरवितो. दशमान पद्धतीत दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो आणि मध्यभागी आठाची पायरी नाहीशी होते.

हार्डींचा आक्षेप ८७१२ ला जितका लागू आहे तितका येथे नाही. कापरेकरांना ‘विनोदी गणिती’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा भेद फारसा पाहिलेला नाही. त्यांच्या संशोधनाचे सर्वच भाग ह्या कसोटीस उतरतील असे मात्र नव्हे. ६१७४ चा त्यांचा प्रसिद्ध शोध हा दशमान पद्धतीशी अधिक निगडित आहे.

ह्या जिन्याची जाण नवीनही नाही. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ह्या संख्येचा निर्देश, एकापासून सहापर्यंत जाऊन क्रमाने घटणारी, अशा वर्णनाने केला आहे. ती १११११११ ची नव्हे, तर सहा एकांच्या ११११११ ची वर्गसंख्या.