१४. खंडव्याचा गांजा
जुन्या मध्य प्रांतात सरकारी परवान्याने गांजाचे पीक निमाडात, खंडव्याभोवती घेत. नर झाडे वेळीच उपटत. त्यामुळे मादीच्या फुलोऱ्यात बी धरत नसे, राळ वाढे. वास बराचसा या राळेतल्या मिर्सीन, कॅरिओफिलीन (हे काळ्या मिरीतही असते) अशा टर्पीन द्रव्यांचा. टर्पिनांचे प्रमाण बरेचसे आनुवंशिक असल्याने वाण निवडताना पैदासकार ते पाहतात. नशा मात्र टीएचसी या द्रव्याची, आणि त्याला वास नाही. तेव्हा नुसत्या वासावरून कस सांगणारा दुकानदार फार विश्वासाचा नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. — संपा.