नियम पसरवणारा माणूस

२०२१ च्या मार्चमध्ये 'फायनल फँटसी ८ रीमास्टर्ड' मोबाइलवर आला. दिवसभर कोड लिहून झाला की रात्री मी तो उघडायचो. कथेत जग बुडायला आलेलं, आणि मी मात्र दिसेल त्याच्याशी पत्ते खेळत बसलेला.

मूळ गेम ११ फेब्रुवारी १९९९ चा, जपानचा. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' आणून पत्ते जमवण्याचा नाद लावला होता. १९९६ पासून जपानी पोरं पोकेमॉनची पाकिटं फोडत होती. स्क्वेअर कंपनीने तोच नाद आपल्या गेमच्या आत घातला आणि नाव दिलं ट्रिपल ट्रायड. एकूण ११० पत्ते. काही समोरच्याला हरवून मिळवायचे, काही राक्षसांना.

शिकायला पाच मिनिटं लागतात. ३ बाय ३ चा पट, दोघांकडे पाच-पाच पत्ते. प्रत्येक पत्त्याच्या चार बाजूंना चार आकडे. तुमचा आकडा शेजारच्या पत्त्याच्या आकड्यापेक्षा मोठा असला, की तो पत्ता तुमचा. माझा लाडका इफ्रिट : वर ९, पण खाली फक्त २. म्हणून त्याला तळाच्या ओळीत ठेवायचं, म्हणजे २ कुणाला लागतच नाही.

खरा खेळ पुढे आहे. इथे प्रत्येक प्रदेशाचे नियम वेगळे. बालांबमध्ये पत्ते उघडे ठेवून खेळतात. डॉलेटमध्ये 'रँडम' : तुमच्या साठ्यातले कुठलेही पाच पत्ते गेमच निवडतो. आणि एका गावात खेळून दुसऱ्या गावात गेलात, की समोरचा विचारतो, दोन्हीकडचे नियम मिसळून खेळायचं का?

मी न वाचताच 'हो' म्हणत गेलो. डॉलेटचा रँडम माझ्यासोबत बालांबला आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. झेलच्या आईकडून झेलचा पत्ता जिंकायला गेलो, तर हातात इफ्रिट आणि चार भंगार पत्ते. हरलो. बाईंनी इफ्रिटच उचलला. न तपासता कोड प्रॉडक्शनला ढकलल्यावर पोटात जो गोळा येतो, तोच आला.

मग आठवलं, हे आपण आधी पाहिलंय. कराडला आजीकडे मेंढीकोट बंद हुकूमाचा : एक पत्ता पालथा ठेवायचा, तोच हुकूम. आत्याकडे कट हुकूम : मागितलेला रंग ज्याच्याकडे नाही, तो जो पत्ता टाकेल त्याचा हुकूम. मे महिन्यात आम्ही आत्याकडे गेलो की पहिला अर्धा तास भांडणातच जायचा. नंतर आत्याच्या मुली बंद हुकूम खेळायला लागल्या. तो नियम त्यांच्या घरात आम्ही नेला होता.

पत्त्यांचे नियम असेच, माणसांच्या पायांनी फिरायचे. ट्रिपल ट्रायडने ही गोष्ट नेमकी पकडली, आणि तीही ऑनलाइन गेम घरोघरी पोचायच्या आधी. 'विचर ३' मधला ग्वेंट २०१५ मध्ये गाजला आणि २०१८ मध्ये स्वतंत्र ऑनलाइन गेम झाला. तिथे पत्त्याची ताकद बदलायची तर एक अपडेट येतो आणि सगळ्यांसाठी एकदमच बदलते. इंजिनियर म्हणून मला हे आवडतं, सगळीकडे एकच आवृत्ती. पण मग कराडचा असा वेगळा नियम राहत नाही.

आजी गेली. पानं वाटताना ती जे बारकावे सांगायची, त्यातले निम्मे मला आठवतात, निम्मे आत्याला. मागच्या दिवाळीत आम्ही दोघांनी बसून ते वहीत लिहून काढले. एका नियमावर अजून भांडण आहे. तो दोन्ही प्रकारे लिहिलाय.

इफ्रिट मी अजून परत जिंकलेला नाही.