रकमेपुढे ‘फक्त’

हिंगोलीकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात मोडीतले खत निघाले, की सारे घर त्याभोवती जमते आणि एकालाही ते वाचता येत नाही. दोष डोळ्यांचा नव्हे. लिहिणारा आधी कागदभर रेघ मारी आणि मग तिला अक्षरे लटकवीत सुटे. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपले, ते वाचणाऱ्याने बघून घ्यावे! ‘पैसे देऊ नका अडवून ठेवू’ असे कोणी लिहिले, तर श्वास ‘देऊ’नंतर घ्यायचा की ‘नका’नंतर, यावर सावकार आणि कूळ तीन पिढ्या भांडायला मोकळे.

विरामचिन्हे मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तकच काढले. लष्करी माणूस, ‘थांब’ म्हणायची सवय असणारच.

पण आपले पूर्वज भोळे होते असे मुळीच नाही. वाक्याचे काहीही होवो, मजकूर कुठे संपला याबाबत ते भलते दक्ष. पत्राच्या शेवटी मोर्तब उमटे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’, म्हणजे हद्द इथवर. खाली कोणी एक ओळ घुसडायची सोय नाही. आम्ही बँकवाले रकमेपुढे ‘फक्त’ लिहून आडवी रेघ ओढतो, ती याच घराण्यातली.

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली, तेव्हा उर्दूबरोबर मोडी जाणणाऱ्यांचाही भाव वधारला. नातवाचा दाखला पणजोबांच्या सलग ओळीत अडकलेला, आणि ती ओळ कुठे तोडायची हे सांगणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.