ओळखीचे रंग

वीतभरही लांबी नसलेली लढाऊ विमानाची प्रतिकृती समोर ठेवून तिला बारीक कुंचल्याने रंग द्यावयाचा आणि तो सुकताच त्याच नव्या रंगावर तेलाचे ओघळ, धुराची काजळी व खरचटल्याच्या खुणा मुद्दाम उमटवावयाच्या, हा उद्योग प्रथमदर्शनी पोरखेळ वाटतो. परंतु विमानाच्या अंगावरील रंगाला युद्धात जीवनमरणाचे मोल होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या छंदाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

या प्रतिकृतींचा एक मोठा पूर्वेतिहास दुसऱ्या महायुद्धात सापडतो. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांना ५,००,००० लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. विमानांचे ५० प्रकार आणि प्रत्येकाचे १०,००० नमुने, अशी ती योजना होती. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे त्यांचे प्रमाण ठरले. अशी प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली की ती सुमारे अडीच हजार फुटांवरील खऱ्या विमानाएवढी दिसते. या साऱ्या प्रतिकृतींना एकच रंग होता, तो म्हणजे काळा. आकाशात विमान दिसते ते काळपट आकृतीच्या रूपाने. तेव्हा सैनिकांना केवळ आकारावरून आपले कोणते व शत्रूचे कोणते हे ओळखता यावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

मात्र केवळ आकारावर विसंबणे किती धोक्याचे, याचा दारुण अनुभव लवकरच आला. ११ जुलै १९४३ च्या रात्री छत्रीधारी सैनिकांना घेऊन अमेरिकेची १४४ वाहतूक विमाने सिसिली बेटाकडे निघाली. किनाऱ्यालगतच्या मित्रराष्ट्रांच्या नौकांनी दिवसभर शत्रूचे हवाई हल्ले सोसले होते. अंधारात विमानांची घरघर ऐकताच समुद्रावरून व जमिनीवरून तोफांचा भडिमार सुरू झाला आणि २३ विमाने स्वपक्षाच्याच गोळ्यांनी कोसळली.

त्या धड्याचे फळ पुढील वर्षी दिसले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्यापूर्वी मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या पंखांवर व धडावर तीन पांढरे आणि दोन काळे असे पाच पट्टे रंगविण्याचा हुकूम सुटला. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून तो अगदी अखेरच्या दिवसांत देण्यात आला. हजारो विमाने, हाती मोजके तास आणि रंगारी म्हणजे तळावरचे साधे यांत्रिक! अनेक विमानांवर कुंचल्याचे फराटे उघड दिसत, कडा वेड्यावाकड्या राहत. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद असे; प्रतिकृतीवर तो बरोबर पाव इंचाचा होतो.

पूर्वेकडील आघाडीवर ओळखीचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हाच्या मध्यभागी तांबडा ठिपका असे आणि जपानी विमानांवरही तांबडाच सूर्यबिंबाचा गोल असे. घाईच्या क्षणी दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून भारत व ब्रह्मदेश या भागांतील विमानांवरील तांबडा रंग काढून टाकण्यात आला. १९४४ साली इंफाळच्या रणात झुंजलेल्या भारतीय वायुदलाच्या हरिकेन विमानांवर निळे-पांढरे चिन्ह आले ते याच कारणाने. हैदराबादचे नाव धारण करणारे ब्रिटिश वायुदलाचे १५२ क्रमांकाचे स्पिटफायर पथकही याच आघाडीवर लढत होते. त्या विमानांच्या प्रतिकृतीवर कोणी तांबडा ठिपका रंगविला, तर तो ठिपका लहान असला तरी इतिहासाची चूक मोठी होते.

युद्ध संपले आणि पुढील दशकात प्लास्टिकचे स्वस्त संच घरोघर पोहोचले. प्रतिकृतीचे कामही त्याबरोबर पालटले. शत्रूला ओळखण्याची निकड सरली. होऊन गेलेल्या गोष्टीचे स्मरण उरले. काळ्या आकृतीच्या जागी हिरवा, मातकट, करडा असे खरे रंग आले आणि त्यांच्या पाठोपाठ झीजही आली. या कामाची रीत आता रुळलेली आहे. मूळ रंग किंचित फिका ठेवतात, कारण दुरून पाहिलेला रंग नेहमीच थोडा विटका भासतो. तो सुकला की पत्र्यांच्या सांध्यांतून अतिशय पातळ केलेला गडद तैलरंग सोडतात व वरचा पुसून घेतात. इंजिनाच्या नळ्यांमागे खडूच्या बारीक भुकटीने धुराचा पट्टा ओढतात. वैमानिक पाय ठेवून चढे त्या पंखाच्या मुळाशी स्पंजाच्या तुकड्याने रुपेरी ठिपके टिपले की उडालेल्या रंगाखालचा ॲल्युमिनियमचा पत्रा दिसू लागतो.

तथापि इथेच कारागिराची परीक्षा असते. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता, आणि मॉस्किटो हे विमान तर बहुतांशी लाकडाचेच होते. अशा ठिकाणी रुपेरी खरचटे काढणे म्हणजे नसलेला पत्रा दाखविणे होय. जुनी छायाचित्रेही कधी कधी चकवतात. त्या काळच्या काही फिल्मांवर तांबडा व पिवळा हे रंग काळपट उमटत. त्यामुळे चिन्हाभोवतालचे पिवळे कडे छायाचित्रात जवळजवळ दिसेनासे होते. विमान कशाचे बनले होते, कोठे उडाले, चिखलाच्या धावपट्टीवर की धुळीच्या, हे ठाऊक नसलेल्याच्या हातून डाग पडतात, खुणा उमटत नाहीत.

नॉर्मंडीच्या विमानाची प्रतिकृती करताना पट्टे फूटपट्टीने आखून निर्दोष काढण्याचा मोह अनेकांना होतो, आणि ती दिसतेही देखणी. परंतु एखादा जाणता कारागीर ते पट्टे हाताने रंगवितो आणि एखादी कड किंचित हलू देतो. त्या हललेल्या कडेत जून १९४४ मधील त्या अनाम यांत्रिकांची घाई आहे. आणि ती घाई ज्यांच्यासाठी होती, त्या सिसिलीच्या रात्री आपल्याच तोफांनी पाडलेल्या सैनिकांची आठवणही तिच्यातच आहे.