नवतपा आणि लॅपटॉप

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा सुरू होता. दुपारचे दोन वाजलेले, सदरमधले रस्ते सामसूम, आणि घरातला कूलरही गरम वारा फेकत होता. मी गादीवर लॅपटॉप ठेवून माहेरच्या आठवणी टाइप करत बसले होते. आधी लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, मग अक्षरं उमटायला वेळ लागू लागला, मग पडद्यावर तापमान वाढल्याची सूचना आली. मी तिकडे लक्षच दिलं नाही. थोड्या वेळाने लॅपटॉप आपला आपण बंद! सव्वा पान गेलं.

रागारागाने पुण्याच्या नातीला फोन लावला. म्हटलं, "कामचुकार झालाय गं हा!" ती हसली. "आजी, कामचुकार नाही, स्वतःला वाचवतोय तो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात."

मास्तरणीची खोड जाते कुठे? थोडं तिला विचारून, थोडं वाचून माहिती काढली. ती इथे मांडते.

संगणक आणि उष्णता यांचं भांडण तसं जुनंच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे 2700 व्हॅक्यूम ट्यूब होत्या. प्रत्येकीत तापलेली तार, म्हणजे खोलीभर शेगड्याच म्हणा ना! पुढे ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, आणि ते नखाएवढ्या चिपवर कोट्यवधींनी बसू लागले. खोलीभरची उष्णता नखावर आली.

नोव्हेंबर 2000 मध्ये इंटेलने पेंटियम 4 आणला. फार तापला की तो क्षणभर थांबायचा, पुन्हा चालायचा, म्हणजे दम खात काम करायचा. 2001 साली एका संकेतस्थळाने चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचे पंखे आणि धातूचे ठोकळे काढून काय होतं त्याची चित्रफीत केली. एएमडीचा अ‍ॅथलॉन बघता बघता जळाला. पेंटियम 4 मंदावला, पण चालत राहिला.

तरी इंटेललाही उष्णतेने सोडलं नाही. 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणायचा बेत 2004 साली रद्द करावा लागला. 2005 पासून एकाच प्रोसेसरमध्ये दोन गाभे बसवायला सुरुवात झाली. एकाच बैलाला पिटाळण्यापेक्षा जोडीला दुसरा बैल!

आजच्या बहुतेक लॅपटॉपचे प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की वेग कमी करतात. तरीही पारा चढतच राहिला तर यंत्र बंद होतं. पंखा काही थंडी तयार करत नाही, खोलीतलीच हवा आत ओढतो. 25 अंशांच्या खोलीत 100 पर्यंत 75 अंशांची मोकळीक, आमच्या 40 अंशांच्या खोलीत फक्त 60. त्यात मी गादीवर ठेवून खालच्या जाळ्या बुजवलेल्या. बंद पडणार नाही तर काय!

खरं तर नागपूरला हे शहाणपण जुनंच आहे. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची राजधानी नागपूर, पण उन्हाळ्यात सरकार पचमढीला हलायचं. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. जूनमध्येही उरलेल्या महाराष्ट्रात शाळा उघडतात, विदर्भात मात्र आठवडा-दोन आठवडे उशिरा. दुपारी दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही.

आणि तरी मी हे एकदा विसरले होते. 1984 चा एप्रिल. सातवीतला एक मुलगा शेवटच्या तासाला बाकावर डोकं टेकून बसला. दोन दिवसांपासून तो असाच मंद होता, विचारलं तर उत्तर उशिरा द्यायचा. मी त्याला आळशी म्हणाले आणि उभं केलं. थोड्या वेळाने तो कोसळला. त्याला ऊन लागलं होतं. रोज लांबून पायी यायचा, हे मला नंतर कळलं.

मुलगा आठवड्याभरात बरा झाला. मी मात्र त्याला काहीच बोलले नाही. बाईंनी विद्यार्थ्याची माफी मागायची पद्धत नव्हती तेव्हा.

असो. आता लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवते, सकाळी सहा ते नऊच लिहिते, आणि तो मंदावला की मीही उठते. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. हे कधी त्याच्या वाचनात आलं, तर बाईंचं चुकलं होतं, एवढं त्याला कळावं.