स्वस्त बॅटरी महाग कधी पडते? ई-सायकलच्या बॅटरीचा हिशेब, इतिहासातून

आजच्या भागाची सुरुवात एका मेसेजपासून करतो. गेल्या आठवड्यात नाशिकहून मावसभावाने विचारलं, "दादा, ई-सायकल घेतोय. दुकानदार म्हणतो लेड-ॲसिड बॅटरीवाली घे, लिथियमपेक्षा दहा हजार वाचतील. घेऊ का?"

मी इंजिनिअर माणूस. लगेच लॅपटॉप उघडला, एक्सेल शीट केली आणि 'नको घेऊ' असं टाइप करणार, तेवढ्यात एक प्रश्न पडला. लेड-ॲसिड जर इतकी वाईट आहे, तर चीनमध्ये कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षं तीच का घेतली? सगळ्यांनाच हिशेब येत नव्हता का? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलो आणि त्यातून आजचा भाग तयार झाला.

दीडशे वर्षं जुनी बॅटरी

लेड-ॲसिड, म्हणजे शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड. आपल्या घरच्या इन्व्हर्टरखाली असते ना, तीच जात. 1859 मध्ये गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती बनवली. परत परत चार्ज करता येणारी ही पहिली बॅटरी. आणि इलेक्ट्रिक सायकलही आपल्याला वाटते तेवढी नवीन नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाने 31 डिसेंबर 1895 रोजी तिचं पेटंट घेतलं. मागच्या चाकात मोटर, फ्रेमच्या मध्ये बॅटरी. आजची सायकल समोर ठेवली तर रचना फारशी वेगळी दिसत नाही.

मग मधली शंभर वर्षं ती रस्त्यावर का आली नाही? मुख्य कारण वजन. एक किलो लेड-ॲसिड बॅटरीत साधारण 30 ते 40 वॅट-तास वीज मावते. आपल्याला अर्धा युनिट, म्हणजे 500 वॅट-तास हवे असतील, तर 13 ते 17 किलोचं ओझं झालं. सायकलवर एक लहान मूल बसवल्यासारखंच.

1993 मध्ये जपानच्या यामाहाने पॅडल मारताना मदत करणारी सायकल बाजारात आणली. तिच्यातही सुरुवातीला लेड-ॲसिडच होती. जपानी कंपन्या पुढे निकेलकडे आणि मग लिथियमकडे वळल्या. पण खरा खेळ झाला चीनमध्ये.

चीनने लेड-ॲसिड का निवडली?

नव्वदच्या दशकात चीनमधल्या बऱ्याच मोठ्या शहरांनी मोटरसायकलींवर बंधनं घालायला सुरुवात केली. 1999 मध्ये ई-सायकलसाठी राष्ट्रीय मानक आलं : वेग ताशी 20 किलोमीटर, वजन 40 किलोपर्यंत. ह्यात बसणारं वाहन सायकल म्हणून चालवता येत होतं. 2003 मध्ये सार्सची साथ आली आणि लोक गर्दीच्या बसमध्ये चढायला घाबरू लागले. 1998 मध्ये वर्षाला काही दहा हजार ई-सायकली विकल्या जात होत्या. दहा वर्षांत तो आकडा दोन कोटींच्या पुढे गेला. आणि त्यातल्या शंभरात नव्वदहून जास्त सायकली लेड-ॲसिडवर चालत होत्या.

लिथियम-आयन बॅटरी तेव्हा नव्हती असं नाही. सोनीने ती 1991 मध्येच बाजारात आणली होती. पण 2010 सालीसुद्धा लिथियम बॅटरी पॅकची किंमत एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती. म्हणजे अर्ध्या युनिटच्या पॅकला पाचशे डॉलर. तेव्हा चीनमध्ये बॅटरीसकट अख्खी ई-सायकल त्याहून स्वस्तात मिळत होती!

त्यात लेड-ॲसिडची आणखी एक सोय. ती मेली तरी तिला भाव असतो. जुनी बॅटरी द्या, नवीवर सूट घ्या. शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं, त्यामुळे भंगारवालाही आनंदाने घेतो. म्हणजे त्या लोकांचा हिशेब चुकला नव्हता. त्या वेळच्या किमती धरल्या, तर लांबच्या हिशेबातही लेड-ॲसिडच जिंकत होती.

बिलात न दिसणारी किंमत

पण ह्या हिशेबात एक रकाना नव्हताच. दर दीड-दोन वर्षांनी मेलेल्या कोट्यवधी बॅटऱ्या जात कुठे होत्या? वितळवायला. आणि नव्या बनत कुठे होत्या? बऱ्याचदा वस्तीला लागून असलेल्या छोट्या कारखान्यांत.

2011 मध्ये झेज्यांग प्रांतातल्या डचिंग भागात एका बॅटरी कारखान्याजवळच्या तीनशेहून जास्त लोकांच्या रक्तात प्रमाणाबाहेर शिसं सापडलं. त्यात शंभरेक लहान मुलं होती. शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्याची कुठलीच पातळी सुरक्षित नाही. अशी प्रकरणं एकामागून एक बाहेर आल्यावर त्याच वर्षी सरकारने देशभर तपासणी केली आणि शेकडो कारखान्यांना टाळं लावलं.

म्हणजे बघा, सायकलवाल्याचे पैसे वाचत होते हे खरं, पण त्या स्वस्ताईतला एक हिस्सा कारखान्याशेजारची पोरं भरत होती.

हे फक्त चीनचं दुखणं नाही. 2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ ह्या संस्थांनी एक अहवाल काढला. जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात चिंता करावी इतकं शिसं आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्यात भारतातली मुलं सर्वांत जास्त. आणि कारणांमध्ये वर होतं काय, तर जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणं.

लिथियममध्येही दोन जाती

'लिथियम' ही एकच गोष्ट नाही. सायकलींमध्ये मुख्यतः दोन प्रकार येतात. पहिला एनएमसी : निकेल, मँगनीज, कोबाल्ट. हलका, कमी जागेत जास्त वीज. दुसरा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ह्यावरचा मूळ शोधनिबंध 1997 चा. जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यात अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही नावं आहेत. एलएफपी थोडी जड, पण तापली तरी तिच्यातला ऑक्सिजन सहज सुटत नाही, त्यामुळे पेट घेण्याचा धोका कमी. आणि ती खूप जास्त वेळा चार्ज होते.

लिथियमची किंमतही कोसळली. 2010 मध्ये हजार डॉलरच्या वर असलेला पॅक 2024 मध्ये सरासरी 115 डॉलरवर आला. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 पासून लेड-ॲसिड गाड्यांचं अनुदान बंद केलं.

आता वाटेल, झालं, लिथियम जिंकली. थांबा.

2023 मध्ये एकट्या न्यूयॉर्क शहरात लिथियम बॅटऱ्यांमुळे 268 आगी लागल्या आणि 18 माणसं गेली. तिथे डिलिव्हरी करणारी पोरं स्वस्त, प्रमाणपत्र नसलेले पॅक घ्यायची आणि रात्री घरात चार्जिंगला लावायची. त्या वर्षी शहराने प्रमाणपत्राशिवाय बॅटरी विकायला बंदी केली. फेब्रुवारी 2024 मध्ये चीनच्या नानजिंगमध्ये इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेल्या ई-सायकलींपासून आग लागली आणि 15 जण दगावले. त्यानंतर चीनने काय केलं? जुनी लिथियम सायकल देऊन लेड-ॲसिडवाली घेणाऱ्याला जास्त मदत द्यावी, असं सुचवलं. आणि 2025 च्या नव्या मानकात लेड-ॲसिड सायकलींची वजनमर्यादा 55 वरून 63 किलो केली. जिला निरोप दिला होता, तिला परत घरात बोलावलं!

मग भावाला काय सांगितलं?

आता एक्सेल शीट. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या दुकानातले भाव टाकून बघा. अर्ध्या युनिटच्या आसपासची बॅटरी आहे असं समजू.

लेड-ॲसिड 7,000 रुपये, जुनी दिल्यावर 1,500 परत, म्हणजे पडली 5,500 ला. 300 वेळा चार्ज झाली, तर एका चार्जला साधारण 18 रुपये.
एनएमसी 15,000 रुपये, 700 चार्ज. एका चार्जला 21 रुपये.
एलएफपी 17,000 रुपये, 1,800 चार्ज. एका चार्जला साडेनऊ रुपये.

एलएफपी सरळ जिंकली ना? माझ्या शीटमधला बग इथेच होता. बॅटरी वापरली नाही तरी वयाने म्हातारी होते. ती आठ वर्षं टिकेल असं धरा. रोज चार्ज करणारा डिलिव्हरीवाला सहा वर्षांच्या आत 1,800 चार्ज संपवेल, त्याला पूर्ण फायदा. त्याच काळात त्याला लेड-ॲसिडचे सहा संच लागतील, म्हणजे 33,000 रुपये. पण आठवड्यातून दोनदा चार्ज करणाऱ्याचे आठ वर्षांत आठशेच्या आसपासच चार्ज होतील. त्याला एका चार्जला 21 रुपये पडले, मग कुठे राहिली एलएफपी स्वस्त?

माझा भाऊ रोज वीस किलोमीटर, एमआयडीसीत जाऊन-येऊन. दिवसाआड चार्जिंग, वर्षाला दीडशे. दर दोन वर्षांनी लेड-ॲसिड बदलावी लागणार. सहा वर्षांत त्याचे होतात 16,500. म्हणजे एलएफपीच्या जवळपास बरोबरीत. सातव्या वर्षापासून एलएफपी पुढे.

मी त्याला तसंच सांगितलं. सहा वर्षं ही सायकल वापरणार असशील आणि आज दहा हजार जास्त काढता येत असतील, तर एलएफपी घे. पॅकवर प्रमाणपत्र बघ, वॉरंटी लेखी घे, झोपायच्या खोलीत चार्ज करू नको. बॅटरी रोज तीन जिने चढवून न्यायची असेल, तर हलकी एनएमसी, पण तीही प्रमाणपत्रवालीच. आणि आज खिशात तेवढेच पैसे असतील, तर लेड-ॲसिड घेण्यात लाज वाटायचं कारण नाही. ती पूर्ण रिकामी करून तशीच ठेवू नको, प्लेटवर सल्फेट बसतं आणि ती लवकर मरते. मेल्यावर मात्र जास्त भाव देतो म्हणून कोपऱ्यावरच्या भंगारात टाकू नको. नवी घेताना दुकानात परत दे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे.

त्याचा उलट मेसेज आला, "दादा, एलएफपीच बघतो. पण भंगारात दिली तर तीनशे रुपये जास्त मिळतात, ते का सोडायचे?"

मी त्याला डचिंगच्या पोरांची गोष्ट सांगितली. थोड्या वेळाने फक्त "बरं" असं आलं.

तुमच्या घरी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुठे जाते, ते एकदा आई-बाबांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!